परिचारिकेच्या मनोबलाचे माप : इंग्रजी प्रश्नावली फारसीत जाते तेव्हा...

प्रतिनिधी
रेवदंडा

रुग्णालयातील रात्रपाळी. एका कक्षात रुग्ण जास्त, हात कमी. दोन रुग्णांना एकाच वेळी तातडीची गरज आहे आणि परिचारिका एकच आहे. किंवा असे समजा, की उपचारांचा आता उपयोग नाही हे तिला दिसते आहे, नातेवाइकांना कोणी तसे सांगितलेले नाही आणि सांगण्याचा अधिकार तिला नाही. योग्य काय आहे, हे तिला ठाऊक असते. परंतु ते करण्याची मुभा, वेळ किंवा साधने तिच्यापाशी नसतात. पाळी संपते, ती घरी जाते, पण ती गोष्ट मनातून जात नाही. मराठीत आपण याला 'मन खाणे' म्हणतो.

अमेरिकी तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचर्येतील नीतिप्रश्नांवरील आपल्या ग्रंथात या अवस्थेला 'मॉरल डिस्ट्रेस', म्हणजे नैतिक क्लेश असे नाव दिले. परिचारिकांच्या थकव्याकडे तोवर श्रम, अपुरी झोप आणि तुटपुंजे वेतन यांच्याच संदर्भात पाहिले जात असे. जेमटन यांच्या मांडणीमुळे या थकव्याचे आणखी एक कारण अभ्यासकांपुढे आले. नंतर हा क्लेश मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. मेरी कॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्यासाठी पहिली प्रसिद्ध मापनश्रेणी तयार केली.

पुढचा प्रश्न ओघानेच आला. एकाच कक्षात, एकाच परिस्थितीत काम करणाऱ्या दोघींपैकी एक खचते, नोकरी सोडते किंवा निर्विकार होते आणि दुसरी आपली मूल्ये शाबूत ठेवून उभी राहते. हा फरक कशामुळे पडतो? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक सिंडा रश्टन यांनी या क्षमतेला 'मॉरल रेझिलियन्स' म्हटले. त्यांचा याच नावाचा ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ही क्षमता मोजणारी सतरा विधानांची प्रश्नावली जाहीर केली. ती अन्य भाषांत नेण्याचे काम लगेच सुरू झाले. फारसी ही त्यांपैकी एक भाषा. इराणमधील परिचारिकांसाठी ही प्रश्नावली तयार करताना अभ्यासकांना ज्या वाटेने जावे लागते, त्याच वाटेने उद्या मराठीलाही जावे लागेल. म्हणून हा विषय आपल्याही जवळचा आहे.

सतरा विधाने, चार अंगे

या प्रश्नावलीत प्रश्न असे नाहीत, विधाने आहेत. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा चार पायऱ्यांवर नोंदवायचे असते. 'सांगता येत नाही' ही मधली सोयीची पायरी ठेवलेली नाही. उत्तर देणाऱ्याला कोणत्या तरी एका बाजूला झुकावेच लागते.

विधानांची विभागणी चार अंगांत होते. पहिले अंग नैतिक पेचप्रसंगाला मन कसा प्रतिसाद देते, याविषयी आहे. प्रसंग मनात घोळत राहतो का, त्याने माणूस कोलमडतो का, हे त्यात पाहिले जाते. दुसरे अंग वैयक्तिक सचोटीचे, म्हणजे विरोध असतानाही स्वतःच्या मूल्यांना धरून राहण्याचे. तिसरे नैतिक कार्यक्षमतेचे. पेच ओळखता येणे, त्याविषयी स्पष्ट बोलता येणे आणि मार्ग शोधता येणे, या गोष्टी त्यात येतात. चौथे अंग नात्यांमधील सचोटीचे. इतरांबरोबर काम करताना, विशेषतः अधिकार असलेल्या माणसांपुढे, आपली मूल्ये टिकतात की दबावाखाली वाहून जातात, हे त्यातून तपासले जाते.

चारही अंगे नीट पाहिली, तर ही प्रश्नावली सहनशक्ती मोजत नाही, हे ध्यानात येते. गप्प बसून सोसणाऱ्या परिचारिकेला तीत अधिक गुण मिळत नाहीत. बोलणारी, तरीही न तुटणारी व्यक्ती तिला शोधायची आहे. भाषांतराची खरी परीक्षा येथूनच सुरू होते.

नावापासूनच अडचण

'रेझिलियन्स' या शब्दाला मराठीत सहसा 'लवचीकता' हा प्रतिशब्द दिला जातो. वाकूनही पुन्हा सरळ होणाऱ्या वेताच्या छडीचे चित्र त्यामागे आहे. परंतु 'नैतिक लवचीकता' असे म्हटले, की अर्थ नेमका उलटा होतो. नीतीच्या बाबतीत लवचीक असलेला माणूस म्हणजे सोयीप्रमाणे तत्त्वे वाकवणारा माणूस, असेच कोणीही समजेल. 'सोशिकता' म्हणावे, तर तो आपल्याकडे स्त्रियांच्या कौतुकाचा शब्द आहे आणि त्याच्या पोटात मुकाट राहणे गृहीत आहे. 'चिवटपणा'त टिकणे आहे, पण मूल्यांचा निर्देश नाही. 'कणखरपणा'त ठामपणा आहे, पण पुन्हा सावरणे नाही. या लेखात सोयीसाठी 'नैतिक कणखरपणा' असा शब्द वापरला आहे. तो पुरेसा आहे, असा दावा मात्र नाही.

फारसीत या कल्पनेला 'ताब-आवरीए अख्लाकी' म्हणतात. 'ताब' म्हणजे सोसण्याची शक्ती आणि 'आवर' म्हणजे आणणारा, असा त्याचा शब्दशः अर्थ. म्हणजे फारसी शब्दातही सोसण्याची छटा आहेच. परिचारिकेसाठी फारसीत 'परस्तार' हा शब्द आहे. 'बुतपरस्त' या शब्दातून आपल्या कानावर आलेला 'परस्त' आणि हा 'परस्तार' एकाच कुळातले असून, मूळ क्रियापदाचा अर्थ पूजणे, आराधना करणे असा आहे. इराणमध्ये परिचारिका दिन १२ मे रोजी, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी नसतो. तो हजरत जैनब यांच्या जन्मदिनी पाळला जातो. करबलाच्या आपत्तीनंतर आजारी आणि पोरक्या झालेल्यांना सांभाळणारी, आणि तरीही सत्तेपुढे निर्भयपणे बोलणारी स्त्री अशी त्यांची प्रतिमा आहे. सेवा, आराधना आणि सोसणे यांच्या अशा एकत्र गुंफणीत वाढलेल्या समाजात 'मी माझ्या मूल्यांशी तडजोड करत नाही' हे विधान अमेरिकेतल्यासारखेच वाचले जाईल, असे मानून चालत नाही.

चौलच्या बंदरातले शब्द

फारसी आणि मराठी यांचे नाते रेवदंड्याच्या परिसरात राहणाऱ्याला परके वाटू नये. लगतचे चौल हे एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचे गजबजलेले बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात येथेच उतरला आणि त्याच्या प्रवासवर्णनात रशियनमध्येच फारसी-तुर्की शब्दांची सरमिसळ झालेली आढळते. पुढे या भागावर अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल आला, पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी घातली आणि १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांच्या ताब्यात आला. फारसी ही दरबाराची आणि व्यवहाराची भाषा होती. तिचे शब्द मराठीत इतके मुरले, की छत्रपती शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. विसाव्या शतकात माधव ज्यूलियन यांनी 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला.

मात्र मुरलेले शब्द अर्थ बदलून मुरले आहेत. 'आजार' म्हणजे आपल्याकडे रोग, फारसीत 'आजार' म्हणजे छळ, इजा. 'तक्रार' म्हणजे आपल्याकडे गाऱ्हाणे, फारसीत केवळ पुनरावृत्ती. 'तब्येत' म्हणजे आपल्याकडे प्रकृती, तिकडे 'तबियत' म्हणजे निसर्ग. 'हैराण' झालेली मराठी परिचारिका त्रासलेली असते, फारसीतली 'हैरान' माणसे चकित किंवा संभ्रमित असतात. मराठीत 'रजा' मागितली, तर सुटी मिळते. फारसीत तोच शब्द संमती आणि समाधान यांचा आहे. 'फुरसत' म्हणजे आपल्याकडे मोकळा वेळ, तिकडे संधी.

ही केवळ शब्दांची गंमत नाही. दोन भाषांत एक शब्द दिसतो, म्हणजे अर्थही एक आहे, असे गृहीत धरणारा भाषांतरकार कसा फसतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे. इंग्रजी आणि मराठीच्या बाबतीतही हीच गफलत होते. 'स्ट्रेस', 'टेन्शन', 'इश्यू' हे शब्द आपण रोज वापरतो. मात्र मराठी बोलणाऱ्याच्या तोंडचे 'टेन्शन' कधी काळजी असते, कधी भीती, तर कधी नुसती घाई.

भाषांतराची रीत

प्रश्नावलीचे भाषांतर म्हणजे कोश उघडून सतरा वाक्ये लिहिणे नव्हे. त्यासाठी आता जगभर मान्य झालेली रीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट-भाषांतराची पद्धत मांडली आणि डॉरकास बीटन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये टप्पे निश्चित करणारी मार्गदर्शक सूत्रे दिली.

पहिला टप्पा मूळ लेखकांच्या परवानगीचा. त्यानंतर दोन भाषांतरकार एकमेकांशी न बोलता स्वतंत्र भाषांतर करतात. एकाला विषयाची माहिती असते आणि दुसऱ्याला मुद्दाम ती दिलेली नसते, म्हणजे बोलीभाषेचा कान शाबूत राहतो. मग दोन्ही भाषांतरे समोरासमोर ठेवून एक मसुदा ठरतो. हा मसुदा, मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या व्यक्तींकडे देऊन पुन्हा इंग्रजीत आणला जातो. मूळ आणि उलटून आलेले वाक्य यांत तफावत दिसली, की शब्द बदलायचे. त्यानंतर परिचारिका, नीतिशास्त्राचे अभ्यासक, भाषातज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांची समिती प्रत्येक वाक्य तपासते. शेवटी तीस ते चाळीस परिचारिकांना ते वाचायला देऊन 'तुम्हाला यातून काय समजले?' असे विचारले जाते.

उलट-भाषांतराची एक मर्यादा आहे. 'रेझिलियन्स'चे 'सोशिकता' केले आणि उलट-भाषांतरकार हुशार असला, तर संदर्भ ओळखून तो पुन्हा 'रेझिलियन्स' लिहील. कागदावर सारे जुळेल. कक्षातील परिचारिका मात्र 'सोशिकता' वाचून, 'मी किती सोसते' याचे उत्तर देईल. म्हणूनच शेवटचा टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष परिचारिकांशी बोलणे, हा सर्वांत मोलाचा मानला जातो.

व्याकरणही आड येते. फारसीत नामांना लिंग नाही आणि 'तो', 'ती' यांनाही एकच सर्वनाम आहे. त्यामुळे फारसी विधान स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू पडते. मराठीत 'मी बोलते' की 'मी बोलतो', याचा निर्णय घेतल्याशिवाय वाक्यच पुरे होत नाही. सर्व विधाने स्त्रीलिंगी ठेवली, तर वाढत्या संख्येने या व्यवसायात येणारे पुरुष परिचारक बाहेर पडतात. तिरकी रेघ मारून दोन्ही रूपे दिली, तर वाक्य अडखळते. 'मला स्पष्टपणे बोलता येते' अशी लिंगनिरपेक्ष रचना शोधणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग ठरतो.

नकारार्थी विधानांची अडचण दोन्ही भाषांत सारखी आहे. 'वरिष्ठांनी चूक केली, तरी मी बोलत नाही' या धर्तीचे विधान असेल आणि उत्तर देणारी व्यक्ती बोलत असेल, तर तिला 'असहमत' या चौकटीत खूण करायची असते. नकाराला नकार देणे दिवसभराच्या कामानंतर सोपे नसते. अशा विधानांवर चुकीच्या खुणा होतात आणि संशोधकाला वाटते, की परिचारिकांच्या उत्तरांत सुसंगती नाही.

शिवाय, उत्तर देणारा माणूस प्रश्नकर्त्याला काय आवडेल, याचाही विचार करतो. इराणी समाजात 'तआरुफ' नावाचा औपचारिक विनयाचा संकेत आहे. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये, म्हणून मनातले बाजूला ठेवून बोलण्याची ती रीत. आपल्याकडेही अधिसेविकेने वाटलेला आणि तिच्याकडेच परत करायचा कागद असेल, तर त्यावर 'मी वरिष्ठांपुढे ठामपणे बोलते' याला कोण 'असहमत' म्हणेल? म्हणून नाव न लिहिता, बंद पाकिटात, बाहेरच्या व्यक्तीकडे कागद देण्याची व्यवस्था ही भाषांतराइतकीच महत्त्वाची ठरते.

आकड्यांची कसोटी

शब्द ठरले, की आकड्यांचे काम सुरू होते. एखादे विधान ठेवायचे की गाळायचे, यासाठी सी. एच. लॉशे यांनी १९७५ मध्ये दिलेले सूत्र वापरले जाते. समजा, दहा तज्ज्ञांना विचारले आणि त्यांपैकी आठ जणांनी विधान 'आवश्यक' म्हटले. दहाच्या निम्मे पाच. आठांतून पाच वजा केले, की तीन. तिनाला पाचाने भागले, की ०.६०. दहा तज्ज्ञांसाठी किमान मर्यादा ०.६२ असल्यामुळे, आठ जणांचा कौल मिळूनही हे विधान टिकत नाही. नऊ जणांचा कौल मिळाला, तर आकडा ०.८० होतो आणि विधान टिकते.

त्यानंतर प्रश्नावली मोठ्या गटाला दिली जाते. एका विधानामागे पाच ते दहा व्यक्ती, असा ढोबळ संकेत आहे. म्हणजे सतरा विधानांसाठी वरच्या हिशेबाने किमान १७० परिचारिका हव्यात. मिळालेल्या उत्तरांवरून, मुळातील चार अंगे नव्या भाषेतही चारच गटांत पडतात का, हे घटक-विश्लेषणाने पाहतात. एका गटातील विधाने एकाच सुरात बोलतात का, हे ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अल्फा या गुणांकावरून कळते. तो सर्वसाधारणपणे ०.७० च्या वर असावा लागतो. त्याच व्यक्तींना साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तीच प्रश्नावली दिली, की उत्तरे स्थिर आहेत की नाहीत, हेही समजते.

हे सारे आकडे उत्तम आले, तरी एक प्रश्न उरतोच. विधाने परस्परांशी सुसंगत आहेत, एवढेच अल्फा सांगतो. ती नेमके काय मोजतात, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. 'सोशिकता' मोजणारी सतरा विधानेही एकाच सुरात बोलू शकतात.

एक भाषा, अनेक बोली

फारसी ही एका देशाची भाषा नाही. अफगाणिस्तानात तिला दरी म्हणतात आणि ताजिकिस्तानात ती ताजिक या नावाने, सिरिलिक लिपीत लिहिली जाते. तेहरानच्या रुग्णालयात पारखून घेतलेली प्रश्नावली काबूलच्या परिचारिकेला जशीच्या तशी देता येत नाही. शब्द कळले, तरी परिस्थिती तीच नसते. जेथे स्त्रीच्या शिक्षणावर आणि नोकरीवरच बंधने आहेत, तेथे 'मी माझे मत मांडते' या विधानाचा अर्थ धैर्य असा होतो की अविवेक, हे तेथील परिचारिकाच सांगू शकते.

मराठीचेही तसेच आहे. रेवदंडा-चौल पट्ट्यातील आरोग्य केंद्रात येणाऱ्या रुग्णांत आगरी बोलणारे असतात, कोळी असतात. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईत पोर्तुगीजपासून तयार झालेली क्रिस्ती बोली आजही घराघरांत ऐकू येते. परिचारिका विदर्भातली असते, मराठवाड्यातली असते, मुंबईच्या खासगी रुग्णालयात बहुधा केरळची असते. पुण्याच्या प्रमाण मराठीतली प्रश्नावली या सर्वांना एकाच अर्थाने पोहोचेल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

मराठीला अशा कामाची परंपरा नाही, असे मात्र नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित केली आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी मुलांना ठाऊक असलेल्या वस्तू आणि प्रसंग आपल्या मुलांपुढे ठेवून त्यांची बुद्धी मोजता येत नाही, हे त्या कामातून आपल्याकडे लवकर ध्यानात आले. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांवर मानसिक आजार ओळखणाऱ्या पाच प्रश्नावल्यांची तुलना केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'नैराश्य' हा शब्द न उच्चारता 'जीव घाबरा होतो', 'मन लागत नाही', 'डोके जड होते' असे सांगणाऱ्या माणसाचे दुखणे ओळखायचे, तर प्रश्न त्याच्याच भाषेत विचारावा लागतो. नैतिक क्लेशालाही हाच नियम लागू आहे.

केईएममधील बेचाळीस वर्षे

नैतिक कणखरपणा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी उदाहरणाची गरज नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कामावरून सुटताना त्या तळघरात कपडे बदलत होत्या. मेंदूला झालेल्या इजेतून त्या कधीच सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या जवळपास बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कूस बदलून दिली. त्यांतील अनेकींनी अरुणा यांना कामावर असताना कधी पाहिलेही नव्हते. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला एकही शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. त्यांना रुग्णालयातून हलवण्याचा विचार महापालिकेत झाला, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो हाणून पाडला.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना या अवस्थेतून मुक्त करावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. केईएमच्या परिचारिका आणि डॉक्टर तिच्या विरोधात उभे राहिले. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे, असे मानले, आणि त्याच निकालात काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्गही खुला केला. येथे दोन्ही बाजूंना करुणा होती आणि दोन्ही बाजूंना ठाम मूल्ये होती. नैतिक कणखरपणा म्हणजे आपलेच खरे असल्याची खात्री नव्हे, हे या प्रकरणातून उमगते. मतभेद जाहीर असताना, आपण ज्याला कर्तव्य मानतो ते दिवसेंदिवस पार पाडणे आणि त्याविषयी न्यायालयापुढेही बोलणे, हे त्यात येते. प्रश्नावलीतील सचोटीची दोन्ही अंगे येथे एकत्र दिसतात.

या प्रकरणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. परिचारिकेला कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली नव्हती. हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी सुधारणांसाठी संप केला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले, तेव्हा न्यायालयाला अरुणा शानबाग यांची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. पन्नास वर्षांत परिचारिकांनी आपला कणखरपणा पुरेसा सिद्ध केला होता. सुरक्षित खोलीचा प्रश्न त्याने सुटला नाही.

माप कोणाचे घ्यायचे?

अशा प्रश्नावलीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. कमी गुण मिळालेल्या परिचारिकेला व्यवस्थापनाने 'मनाने दुबळी' ठरवले आणि तिला एका दिवसाच्या कार्यशाळेला पाठवले, की रिकामी पदे भरण्याची निकड संपते. नैतिक क्लेशाचे मूळ बहुतेकदा व्यक्तीच्या मनात नसते. ते पाळीपत्रकात, रिकाम्या पदांत आणि बंद पडलेल्या यंत्रांत असते. रश्टन यांनी स्वतःही, व्यक्तीच्या क्षमतेबरोबर संस्थेची नैतिक घडी बदलली पाहिजे, यावर भर दिला आहे.

महाराष्ट्राने याचे कडू अनुभव घेतले आहेत. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालकांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिका होत्या. परिचारिकांच्या संघटना तेव्हा रस्त्यावर उतरल्या. अग्निशमन यंत्रणेची जबाबदारी कक्षात ड्यूटीवर असलेल्या व्यक्तीची कशी, असा त्यांचा सवाल होता. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतांमार्फत भरतीच्या विरोधात राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या. 'मी बोलते' या विधानाला त्यांनी दिलेले ते सामूहिक उत्तर होते. सतरा विधानांच्या प्रश्नावलीत मात्र अशा सामूहिक उत्तराला चौकट नाही.

रायगडच्या किनाऱ्याने २०२० मध्ये करोनाच्या साथीतच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ सोसले. वीज नाही, संपर्क नाही, घरावरचे छप्पर उडालेले आणि रुग्णसेवा चालूच. अशा काळात काम केलेल्या परिचारिकेला 'तुम्ही कठीण नैतिक प्रसंगांतून सावरता का?' असे विचारले, तर ती 'हो' म्हणेल. दुसरा प्रश्न विचारला नाही, तर या उत्तराचा उपयोग थोडा. तो प्रश्न असा : सावरण्याची वेळ येऊ नये, म्हणून कोणी काय केले?

म्हणून प्रश्नावली निरुपयोगी ठरते, असे नाही. ताप मोजल्याने रोग बरा होत नसला, तरी न मोजता उपचार करता येत नाहीत. एकाच रुग्णालयातील एका कक्षात गुण सातत्याने कमी येत असतील, तर दोष तेथील सर्व परिचारिकांत एकाच वेळी शिरला, असे कोणी म्हणणार नाही. कक्षातच काही तरी बिघडले आहे, हे त्यातून दिसते. माप अशा रीतीने वापरले, तर ते परिचारिकेच्या बाजूने साक्ष देते. त्यासाठी ते परिचारिकेला समजेल अशा शब्दांत असले पाहिजे, आणि तिचे उत्तर तिच्याच विरुद्ध वापरले जाणार नाही, याची हमी हवी. फारसीत काय किंवा मराठीत काय, भाषांतराचे काम या हमीपाशी येऊन पूर्ण होते.

थोडक्यात

नैतिक क्लेश : योग्य काय ते कळूनही परिस्थितीमुळे तसे वागता न आल्याने होणारा मनस्ताप. संकल्पना अँड्र्यू जेमटन यांची, १९८४.

नैतिक कणखरपणा : अशा प्रसंगांतही सचोटी टिकवून ठेवण्याची किंवा पुन्हा मिळवण्याची क्षमता. सिंडा रश्टन यांचा ग्रंथ २०१८ चा, प्रश्नावली २०२१ ची.

प्रश्नावलीचे स्वरूप : सतरा विधाने, चार अंगे, उत्तराच्या चार पायऱ्या.

रूपांतराचे टप्पे : परवानगी, दोन स्वतंत्र भाषांतरे, एकत्रित मसुदा, उलट-भाषांतर, तज्ज्ञ समिती, परिचारिकांकडून पूर्वचाचणी, संख्याशास्त्रीय तपासणी.